गोठवलेल्या तिसऱ्या आणि वाटीतले नाणे

आषाढातला शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद जेवायला येणार होती. तिला सातवा महिना लागला आहे, आणि फोनवर तिने एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे तिसऱ्यांचे, म्हणजे नदीतल्या लहान शिंपल्यांचे, सुके. श्रावण लागला की आमच्या घरी महिनाभर मासळी शिजत नाही, म्हणून तिची ही हौस त्याच रविवारी पुरवायची असे सासूबाईंनी ठरवूनही टाकले होते. तिसऱ्या घरात होत्या. इथे गोव्यात शिवोलीच्या बाजूला शापोरा नदीत ओहोटीला काढलेल्या तिसऱ्यांचे दोन वाटे मी मे महिन्याच्या अखेरीस म्हापशाच्या बाजारातून आणले होते आणि त्या वाफवून, मांस काढून, चपट्या पिशव्यांत भरून गोठवून ठेवले होते. शेजारीच दुकानातून आणलेले सोललेल्या सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, अर्ध्या किलोचे पाकीट होते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, बाजारात जे येते त्याचा भाव विचारवत नाही, म्हणून एवढी बेगमी आम्ही दरवर्षी करतो.

माझे माहेर सावंतवाडीचे. गुरुवारी सकाळी आम्ही सगळे तिकडे गेलो होतो आणि शनिवारी संध्याकाळी परतलो. घरात दिवे व्यवस्थित लागत होते, फ्रीज चालू होता, फ्रीझरमधले सगळे दगडासारखे कडक होते. शेजारच्या वहिनी चहाची साखर मागायला आल्या तेव्हा सहज म्हणाल्या की गुरुवारी रात्री वादळात माड तारांवर पडला आणि वीज आली ती थेट शनिवारी दुपारी. म्हणजे जवळजवळ ४० तास. मी हातातले काम टाकून पुन्हा फ्रीझर उघडला.

माझ्या फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात एक स्टीलची वाटी कायम असते. तीत पाणी पूर्ण गोठवायचे, बर्फावर १ रुपयाचे नाणे ठेवायचे आणि वाटी तशीच आत ठेवून द्यायची, ही युक्ती मला माहेरच्या एका वहिनीने शिकवली होती. वीज गेली आणि बर्फ वितळला तर नाणे बुडते, वीज आल्यावर पाणी पुन्हा गोठते आणि नाणे आत अडकून राहते. त्या संध्याकाळी वाटीचा बर्फ काचेसारखा स्वच्छ दिसत होता आणि नाणे तळाला टेकलेले होते. वाटी तिरकी करून मी वरून नीट पाहिले. नाण्याची कड स्टीलला चिकटलेली होती, मध्ये बर्फाचा पापुद्रासुद्धा नव्हता.

सासूबाईंनी तोवर तिसऱ्यांची पिशवी बाहेर काढली होती. त्यांनी ती नाकाशी धरली, बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "वास येना गो, कित्याक उडयता?" म्हणजे वास येत नाही, मग टाकतेस कशाला? त्यांचे नाक मी कधीच कमी लेखत नाही. बाजारात टोपलीतली मासळी हात न लावता, दोन पावलांवरून, सकाळची की कालची हे त्या सांगतात आणि त्यांचे चुकलेले मी पाहिलेले नाही. पण त्यांच्या नाकाला जे कळते ते कळण्यासाठी मासळीतून वास उडावा लागतो, आणि गोठलेल्या वस्तूतून तो फारसा उडतच नाही. खराब झालेले मांस पुन्हा गोठवले की त्याचा वासही त्याच्याबरोबर कोंडला जातो. आणि याहून मोठी अडचण अशी आहे की आपल्याला आजारी पाडणारे सगळेच जंतू वास निर्माण करीत नाहीत. मासळी नासवणारे जंतू वेगळे आणि पोटात जाऊन त्रास देणारे वेगळे असतात. पहिले वाढले की वास, चिकटपणा, आंबूसपणा येतो, दुसरे वाढले तरी तिसरी दिसायला आणि हुंगायला उत्तम राहू शकते. हे मी सासूबाईंना त्या रात्री सांगितले, आणि तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण पावसाळ्यात गोव्यातल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न कोणाच्या ना कोणाच्या हातातल्या पिशवीबरोबर उभा राहतो.

जिवंत शिंपल्याची परीक्षा सोपी असते आणि ती आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तिसऱ्या, खुबे, शिनाणे पाण्यात घातले की काही उघडे दिसतात. उघड्या तोंडाच्या तिसरीवर बोटाने टिचकी मारली आणि ती हळूहळू मिटली तर ती जिवंत आहे, मिटली नाही तर ती मेलेली आहे आणि तिला बाजूला काढायचे. फुटलेल्या शिंपीची तिसरीही घ्यायची नाही. कुर्ल्यांचेही तसेच, नांग्या हलवणारी कुर्ली घ्यायची, कारण मेलेल्या कुर्लीचे मांस फार लवकर बिघडते. म्हणजे ताजी कवचाची मासळी आपल्या प्रकृतीची साक्ष स्वतः देते. गोठवलेली मासळी ही साक्ष देऊ शकत नाही. ती मेलेलीच आहे, टिचकी मारून काही कळणार नाही. दुकानातले शिंपीसकट गोठवलेले शिनाणे बहुधा आधीच वाफवलेले असतात, त्यामुळे त्यांचे तोंड उघडे आहे की मिटलेले यावरूनही काही ठरवता येत नाही. मग ठरवायचे कशावरून? माझ्या मते एकाच गोष्टीवरून, ती नदीतून किंवा समुद्रातून निघाल्यापासून आपल्या कढईत पडेपर्यंत किती वेळ किती थंड होती यावरून. हा प्रवास माहीत असेल तर निर्णय करता येतो, माहीत नसेल तर नाक आणि डोळे मिळूनही तो करू शकत नाहीत.

गोठवण्याबद्दल एक गैरसमज घरोघर आहे, की बर्फात जंतू मरतात. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते. त्यांतले काही मरतातही, पण उरलेले तसेच झोपून राहतात आणि मांस पुन्हा कोमट झाले की जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होतात. खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात राहणारे व्हिब्रिओ जातीचे जंतू सुंगटांत आणि शिंपल्यांत निसर्गतःच असतात, त्यांना ऊब फार मानवते आणि अनुकूल तापमानात त्यांची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकते. जुलैमध्ये आमच्या स्वयंपाकघरात २७-२८ अंश तापमान सहज असते. बंद पडलेला फ्रीझर सुरुवातीला थंडावा धरून ठेवतो, पण तोही एका मर्यादेपर्यंतच. दार अजिबात न उघडता पूर्ण भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला साधारण २४ तास टिकतो असे मानतात. माझा फ्रीझर अर्ध्याहून रिकामा होता आणि वीज ४० तास नव्हती. नाणे तळाला का गेले, हे त्या आकड्यांत होतेच.

नाण्याच्या युक्तीची मर्यादाही इथेच सांगायला हवी. नाणे बर्फावरच राहिले असेल तर मासळी फारशी वितळलेली नाही असे म्हणता येते. ते अर्ध्यावर अडकलेले असेल तर वाटीत बर्फ शेवटपर्यंत काही प्रमाणात होता, म्हणजे वाटीपुरते तापमान शून्याच्या आसपासच राहिले. अशा वेळी, आणि मासळीतही बर्फाचे कण चुरचुरत असतील तर, ती पुन्हा गोठवता येते, पण मी ती त्याच दिवशी चांगली शिजवून संपवते. नाणे तळाला गेले असेल तर मात्र बर्फ पूर्ण वितळला होता, आणि त्यानंतर तापमान ५ अंशांवर गेले की २५ वर, तिथे एक तास राहिले की पंधरा, हे नाणे सांगत नाही. ४ अंशांच्या वर २ तासांहून अधिक राहिलेली मासळी खाऊ नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच पुरे, हा नियम मी पाळते. पंधरा तासांच्या शंकेला या नियमात जागा नाही.

मग मी सुंगटांचे पाकीट हातात घेतले. दुकानातून आणले तेव्हा ते हलवले की आतली सुंगटे गोट्यांसारखी खडखडत होती, कारण कारखान्यात ती एकेक सुटी गोठवलेली असतात आणि प्रत्येकावर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो. तो थर मांस कोरडे पडू नये म्हणून असतो, त्यात फसवणूक नाही, फक्त निव्वळ वजन त्या बर्फाशिवायचे लिहिलेले असायला हवे. त्या संध्याकाळी मात्र पाकीट हलवले तर आवाजच आला नाही. सगळी सुंगटे मिळून एकच ढेप झाली होती, ढेपेचा आकार पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यासारखा झाला होता आणि त्या कोपऱ्यात गुलाबीसर रंगाचा बर्फ साचला होता. सुंगटांवरचा बर्फ वितळला, त्यांच्या अंगातले पाणी सुटले, दोन्ही खाली उतरले आणि तिथे पुन्हा गोठले, हे सगळे त्या एका कोपऱ्यात लिहिलेले होते. नाण्याची वाटी नसती तरी मला या पाकिटावरून कळले असते.

म्हणून दुकानात पाकीट घेताना मी ते आधी हलवते. सुटी सुंगटे खडखडली पाहिजेत. पाकिटाच्या आत भुरभुरीत हिम साचलेले असेल तर तापमान वारंवार वरखाली झालेले आहे, तळाला बर्फाची चकती असेल तर ते एकदा तरी वितळले आहे. पाकीट वाकवून पाहावे, वाकले तर ठेवून द्यावे. दुकानातल्या आडव्या फ्रीझरच्या आतल्या भिंतीवर बहुधा एक रेघ आखलेली असते. त्या रेघेच्या वर रचलेल्या मालापर्यंत गारवा नीट पोचत नाही, आणि नेमकी तीच पाकिटे आपल्या हाताशी येतात. मी नेहमी खालचे काढते, त्याबद्दल दुकानदाराचा चेहरा कसाही झाला तरी. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची आणि वापराची तारीख, आणि उणे १८ अंशांवर ठेवावे ही सूचना आहे का, तेही वाचते. आणि ही खरेदी अगदी शेवटी करते, घर जवळ असले तरी वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्मोकोलच्या डब्यात घालून आणते.

दिसण्यावरून घाबरण्यासारख्या काही गोष्टी असतात ज्यांत खरे म्हणजे धोका नसतो, त्याही सांगते, कारण चांगली वस्तू फेकून देणे मलाही आवडत नाही. सुंगटांच्या कडेला पांढरे, कोरडे, पुठ्ठ्यासारखे चट्टे पडले असतील तर तेवढ्या भागातले पाणी उडून गेलेले असते. चव आणि मऊपणा जातो, पण त्यामुळे आजार होत नाही, तो भाग कापून टाकावा. डोक्याजवळ आणि टरफलाच्या सांध्यांवर आलेला काळेपणा हा सुंगटांच्या अंगातल्याच विकरांमुळे येतो, सफरचंद कापून ठेवल्यावर तपकिरी पडते त्याच जातीचा तो बदल आहे. काळेपणा आला म्हणजे सुंगटे जुनी झाली आहेत एवढे समजावे आणि बाकीची तपासणी अधिक कडकपणे करावी. तो येऊ नये म्हणून वापरतात त्या सल्फाइटचा त्रास दम्याच्या काही रुग्णांना होतो, तेव्हा अशा घरांत पाकिटावरचे घटक वाचावेत. याउलट, वितळल्यावर अमोनियासारखा नाकात जाणारा वास, बोटांना तार सुटेल असा चिकटपणा, किंवा दाबल्यावर पिठासारखे भुगा होणारे मांस, यांतले एक जरी आढळले तरी पुढचा विचार करू नये.

वास नाही म्हणून निश्चिंत होण्याबद्दल मी इतकी आग्रही का, याला एक घरचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेल्या पाकिटात ढेप झालेली सुंगटे निघाली होती. मला तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. वितळवली, धुतली, वास घेतला, काहीच वाटले नाही. रवा लावून तव्यावर भरभर परतली, कारण अधिक शिजली तर ती रबरासारखी होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, दुपारपर्यंत ते उभे राहू शकत नव्हते आणि रात्र सलाइनवर काढावी लागली. तो त्रास त्या सुंगटांमुळेच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न काल काय खाल्ले हाच विचारला होता, आणि ती ढेप माझ्या डोळ्यांसमोर तेव्हापासून आहे.

गोव्यात वासाबद्दलची आणखी एक आठवण सर्वांना असेल. जुलै २०१८ मध्ये, याच मासेमारीबंदीच्या दिवसांत, बाहेरून मडगावच्या घाऊक बाजारात येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे प्रेते टिकवण्यासाठी वापरतात ते रसायन, असल्याचा प्रश्न पेटला आणि सरकारने बाहेरची मासळी आणण्यावर काही दिवस बंदी घातली. त्या काळात कित्येक घरांनी मासळी खाणेच सोडले होते. फॉर्मेलिन हा वेगळा विषय आहे आणि घरच्या फ्रीझरशी त्याचा संबंध नाही. पण ज्या मासळीला वास नाही ती चांगली, ही आपली पिढ्यान्पिढ्यांची खूण त्या वर्षी अपुरी ठरली, एवढे मला त्यातून घ्यावेसे वाटते.

पावसाळ्यात आणखी एक चूक सहज होते. बर्फात घातलेली सुंगटे विकायला बसलेल्या बाई ती ताजी म्हणून देतात, आणि ती खरोखर आधी गोठवलेली असून सकाळी वितळवलेली असू शकतात. त्यात त्यांचाही दोष असतोच असे नाही, घाऊक मालच तसा आलेला असतो. अशी सुंगटे आणून त्याच दिवशी शिजवली तर ठीक आहे. ती घरी नेऊन पुन्हा फ्रीझरमध्ये टाकली की त्यांचा प्रवास आपल्याला कधीच कळणार नाही. घरचा फ्रीझर कारखान्यासारखा झपाट्याने गोठवत नाही. सावकाश गोठताना मांसात मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि वितळताना अधिक पाणी सुटते, ज्यावर जंतू पोसले जातात. म्हणून मी विचारते, "ही बर्फातली की फ्रीझरमधली?" बहुतेक जणी खरे सांगतात.

वितळवण्याची रीत ही अर्धी लढाई आहे. ओट्यावर थाळीत काढून ठेवलेले पाकीट बाहेरून कोमट होते तेव्हा आतून अजून बर्फ असते, आणि त्या बाहेरच्या थरात दोन-तीन तासांत जे व्हायचे ते होऊन जाते. आदल्या रात्री फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात, झाकून ठेवावे. तळाशी अशासाठी की सुटलेले पाणी भाजीवर किंवा कोथिंबिरीवर ठिबकू नये. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. ज्या आदोळीवर (विळीवर) आणि ज्या पाटावर ही मासळी चिरली त्यावर नंतर खोबरे किंवा कांदा घ्यायचा असेल तर मध्ये साबणाने धुणे आवश्यक आहे. हे सगळ्यांना माहीत असते, आणि रविवारच्या गडबडीत नेमके हेच राहून जाते.

शिजवण्याबाबत सुंगटे आणि शिंपले यांत फरक करायला हवा. सुंगट आतपर्यंत ६३ अंशांना पोचले, म्हणजे मधला करडा काचेसारखा भाग जाऊन मांस पूर्ण अपारदर्शक झाले, की पुरे. बाहेरचा लाल रंग पाहून थांबू नये, मोठे सुंगट मधोमध कापून पाहावे. शिंपल्यांना एवढे पुरत नाही. तिसऱ्या आणि कालवे दिवसभर पाणी गाळून त्यातले खाद्य घेतात, त्याबरोबर सांडपाण्यातले विषाणूही त्यांच्या अंगात साठतात, आणि आपण त्यांना आतड्यासकट खातो. नोरोव्हायरस ६३ अंशांच्या आसपासही तग धरू शकतो, गोठवल्याने तो मरत नाही, कावीळ करणारा हेपटायटिस-ए सुद्धा नाही. म्हणून शिंपल्यांचे मांस आतपर्यंत ९० अंशांना ९० सेकंद राहिले पाहिजे असे मानतात. घरी एवढे मोजता येत नसले तरी उकळी आल्यावर झाकण ठेवून आणखी चार-पाच मिनिटे खळखळू द्यायला काहीच हरकत नाही. आमच्या सुक्यात खोबरे शेवटी पडते आणि ते घातल्यावर आपण आच कमी करतो, तेव्हा ही उकळी खोबरे घालण्याआधीच पूर्ण झालेली असली पाहिजे. ताज्या तिसऱ्या शिंपीसकट शिजवताना ज्या उघडत नाहीत त्या मी काढून टाकते. कोकमाच्या सोलांनी किंवा व्हिनेगरने मासळी निर्धोक होते हा समज मात्र सोडावा. आंबटपणाने चव येते, बालचांवासारख्या सुंगटांच्या लोणच्याला टिकाऊपणाही येतो, पण बिघडलेले सुंगट त्यात घातले तर ते बिघडलेलेच राहते.

आणि एक धोका असा आहे की ज्यावर शिजवणे, गोठवणे, धुणे यांतले काहीच चालत नाही. समुद्रातली काही सूक्ष्म शैवाले एकाएकी वाढली की त्यांचे विष शिंपल्यांत साठते. ते उष्णतेने नष्ट होत नाही. केरळातल्या विळिंजम येथे १९९७ साली असे शिनाणे खाऊन सात जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. शिंपले खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत ओठ, जीभ, बोटांची टोके बधिर होऊ लागली, मुंग्या आल्या, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे, कारण हे विष पुढे श्वासाचे स्नायू थांबवू शकते. पाण्याला वेगळा रंग आलेला असताना काढलेले शिंपले घेऊ नयेत आणि गोठवू तर मुळीच नयेत, कारण गोठवले की विष जपूनच ठेवले जाते.

त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात एवढा सगळा विचार एका बैठकीत झाला नाही. सासूबाईंना तिसऱ्या टाकणे जिवावर आले होते. त्या साफ करताना त्यांनी स्वतः दोन तास माझ्याबरोबर बसून घालवले होते, आणि अन्न टाकणे हे त्यांच्या संस्कारांत बसत नाही, माझ्याही नाही. "मी खाते, तिला दुसरे काही करू," असेही त्या म्हणाल्या. पण त्यांना मधुमेह आहे. मधुमेह, यकृताचा आजार, गरोदरपण, म्हातारपण, अगदी लहान वय, या सगळ्यांत अशा संसर्गाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि काही व्हिब्रिओ यकृताच्या रुग्णांच्या तर जिवावर उठू शकतात. मी त्यांना म्हटले, "आई, वाटी एकदा तुम्हीच बघा." त्यांनी वाटी दिव्याखाली धरली, तळाचे नाणे बराच वेळ पाहिले, आणि काही न बोलता पिशवी आणि पाकीट दोन्ही जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळले, जेणेकरून कचरापेटीपाशी मांजरांनी ती फाडू नयेत.

रविवारी नणंदेच्या ताटात सुक्या सुंगटांची किसमूर, मुगाची गाठी आणि सोलकढी होती. किसमुरीची सुंगटे मेमध्ये पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरलेल्या बरणीतली होती, कढईत खमंग भाजून, डोकी-शेपट्या काढून, ओल्या खोबऱ्यात कालवलेली. तिने दोनदा घेतली. तिसऱ्यांबद्दल विचारले तेव्हा सासूबाईंनीच वाटीची सगळी हकिगत तिला सांगितली आणि बाळंतपणानंतर ताज्या तिसऱ्यांचे सुके स्वतः पाठवीन असे कबूल केले.

सोमवारी मी वाटीतला बर्फ वितळवून नाणे काढले, ताजे पाणी गोठवले आणि नाणे पुन्हा वर ठेवले. फ्रीझरच्या रिकाम्या जागेत आता पाण्याच्या तीन बाटल्या गोठवून ठेवल्या आहेत, भरलेला फ्रीझर अधिक वेळ गार राहतो म्हणून. यापुढे काढलेल्या शिंपल्यांच्या पिशव्यांवर तारीख लिहायची आणि तीन महिन्यांच्या आत त्या संपवायच्या असेही ठरले आहे. मंगळवारी सासूबाई बाजारातून आल्या त्या रिकाम्या हाताने. बाईंना त्यांनी सुंगटे बर्फातली की फ्रीझरमधली असे विचारले होते, आणि बाईंना ते सांगता आले नव्हते.